शेपटाचं टोक तेवढं टेकायचं

साऱ्या सातारा-सांगली मुलखात आमच्या हिच्या मामांइतका अस्वस्थ माणूस दुसरा झाला नाही, आणि अशा माणसाला पहिल्याच भेटीत थेट कौलांवर चढवणारा माझ्याइतका शहाणा जावईही दुसरा झाला नसेल. त्याचं असं झालं, की लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि सांगलीत उन्हाळा भरात होता. वानरांनी आमच्या स्वयंपाकघरावरची कौलं पार विस्कटून टाकली होती आणि ती शाकारायला एक माणूस सकाळी यायचा होता. ही धुणं घेऊन नदीवर गेली होती. मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. तेवढ्यात दारात एक उंच, काटकुळा, उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी सदरा, खाली धोतर, डोक्याला तांबडा पटका. मी मानसुद्धा नीट वर न करता म्हटलं, "आलात का? किती उशीर! शिडी मागच्या दारी आहे. आधी न्हाणीघराकडची बाजू बघा." त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, "बरं" म्हणाले आणि चढले. तासाभरानं ही ओलं धुणं घेऊन आली, सहज वर पाहिलं आणि धुण्याची बुट्टीच तिच्या हातातून सुटली. चार वर्षं ज्याचं पत्र नाही, सरकारनं 'ठावठिकाणा लागत नाही' एवढंच ज्याच्याविषयी कळवलं होतं, तो तिचा मामा आमच्या आढ्यावर उकिडवा बसून कौलं लावत होता. ही किंचाळली, "मामा!" वरून शांत आवाज आला, "आलो गं बाय. येवढी वळ पुरी करू दे. तुझ्या मालकानं काम सांगितलंया."

आमचं लग्न झालं तेव्हा मामा पलटणीत होते, म्हणून मी त्यांना ओळखत नव्हतो, हा माझा बचाव. तो घरात आजवर कुणी मान्य केलेला नाही. मामांनी मात्र त्याचं काही वाटून घेतलं नाही, कारण काम मिळालं म्हणजे त्यांना बसावं लागत नसे, आणि बसणं ही एकच गोष्ट त्यांना जमत नसे. पुढं वर्षभर ते आमच्याकडं जाऊन-येऊन राहिले, त्या काळात घरातल्या एकाही पाटाला त्यांचा स्पर्श झाला नाही. चहा उभ्यानं. भाकरी चुलीपासून तुळशीपर्यंत येरझाऱ्या घालत. कालवण संपलं की ते चुलीपाशी असत आणि भाकरी संपली की तुळशीपाशी. दाराला कडी घातलेली त्यांना खपत नसे. आम्ही कडी घातली की पाचच मिनिटांत ती काढलेली असे, आणि मामा उंबऱ्यात उभे राहून रस्त्यावर नजर ठेवून असत. पहाटे उठून कृष्णेच्या घाटाला चार फेऱ्या, मग गुळाच्या पेठेला दोन, आणि तरी घरी येऊन विचारणार, "जावईबापू, तिकडं पल्याड काय हाय?" पल्याड हरिपूर आहे म्हटलं, की निघाले हरिपूरला.

हिचं माहेर आटपाडीकडचं, पूर्वेच्या कोरड्या मुलखातलं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली माणसं. मीही त्यांच्यातलाच, फक्त मधे शाळा लागली आणि मी मेंढरांऐवजी पोरं वळायला लागलो. मामांचं मात्र डोळ्यांचं शिक्षण पक्कं झालं होतं. तीनशे मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू त्यांना तोंडावरून ओळखू येई. तुम्हाआम्हाला मेंढरू म्हणजे मेंढरू. त्यांना हे एखाद्यानं आपल्या चार लेकी एकच समजाव्यात तसं वाटे. एकदा बाजारात एका व्यापाऱ्याच्या मेंढीपाशी ते थबकले आणि म्हणाले, "हिची आजी आमच्या खांडात हुती." व्यापारी हसला. मामांनी मेंढीचा जबडा हलकेच उघडून दाखवला. "खालचा जबडा वाईच डावीकडं हाय बघा. तिचाबी हुता. आटपाडीच्या अंगाला घेतली न्हवं?" व्यापाऱ्याचं हसू गेलं, कारण घेतली तिथूनच होती. माझ्या शाळेतही ते एकदा येऊन खिडकीबाहेर उभे राहिले. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "तिसऱ्या बाकावरलं ते चट्टेरी सदऱ्याचं पोरगं, सकाळचं येगळं हाय अन् दुपारचं येगळं." मी त्यांना मनुष्यप्राणी आणि मेंढरू यांतला फरक समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर खरोखरच जुळे भाऊ वर्षभर एकाच नावावर, एकाच सदऱ्यात आळीपाळीनं शाळेत येत होते. मी त्या दोघांना मिळून भूमितीत नापास केलं होतं.

आता त्या जनावराकडं येतो, कारण मामांच्या साऱ्या येरझाऱ्यांच्या मुळाशी ते होतं. सिंगापूर पडलं तेव्हा मामा जपान्यांच्या कैदेत सापडले आणि तिथून बोटीत कोंबून त्यांना न्यूगिनीच्या बेटावर नेण्यात आलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पण एका संध्याकाळी अंगणात फिरता फिरता एकदम म्हणाले, "जावईबापू, तुमी शाळंत जनावरं शिकवता न्हवं?" मी शास्त्र शिकवत असे हे खरं. प्राणिशास्त्रातला माझा प्रत्यक्ष अनुभव म्हणजे बरणीतला एक बेडूक आणि आमचे हेडमास्तर. तरी मी छाती काढून हो म्हटलं.

"मग सांगा. मागच्या दोन पायांवर बसतंय, उड्या मारत जातंय, पोटाला पिशवी हाय. कंचं जनावर?"

"हात्तिच्या! कांगारू, मामा."

"त्येचं शेपूट कसं टेकतंय?"

"म्हणजे?"

"बसल्यावर. समदं शेपूट भुईवर पडतंय, का निस्तं टोक?"

आठ वर्षं मी कांगारू शिकवत होतो. फळ्यावर त्याचं चित्रही काढत असे. पण शेपूट काढायची वेळ येई तोवर फळा संपलेला असे.

"आमची रेघी," मामा म्हणाले, "बसली की शेपटाची कमान व्हायची अन् टोक तेवढं टेकायचं. टोकाला केस न्हवतं. मानंपासनं खाली पाठीवर एकच पांढरी रेघ. खारीला तीन असत्यात, हिला एक. कोकरापरीस वाईच थोराड. वढ्याकाठचं दगड फुडच्या हातांनी उलटं करायची अन् खालचं किडं वेचायची. सुटल्यावर आस्ट्रेलियाच्या गोऱ्या सोजिराला मी इचारलं, तर त्यो म्हणला वालबी, म्हंजी बारका कांगारू. म्हणलं, कंची वालबी? तर म्हणला, लय जातीच्या असत्यात, ही कंची ते मलाबी ठावं न्हाई."

रेघी हे नाव मामांचं. पण तिला पाहणारे डोळे चार होते. दुसरे दोन शिवाचे. शिवा त्यांचा कैदेतला सोबती, आष्ट्याचा, उसाहळदीच्या रानातला शेतकऱ्याचा पोरगा, लग्न करून पलटणीत गेलेला. दोघांना पहाटे पहाऱ्यात ओढ्यावर पाणी आणायला धाडत, तेव्हा पल्याडच्या काठाला ही बाई दगड उलटत बसलेली असे. शिवा म्हणे हा ससा आहे. "आरं, आमच्या उसात असलं मायंदाळ हायत. ह्येला हिथलं पाणी लागलंय, म्हणून वाढलाय." मामा म्हणत, सशाला असलं शेपूट कुठलं? आणि मग दिवसभर भांडण. पोटात अन्न नाही, अंगावर कापड नाही आणि दोन माणसं सशावरून भांडताहेत. पुढं शिवा तापानं पडला. मग मामा एकटेच पाण्याला जात, आणि परत आले की शिवा पडल्या पडल्या विचारी, "आला हुता का माझा ससा?" मामांनी रोज इत्थंभूत वर्दी द्यायची: आज किती दगड उलटले, कोणत्या बाजूला गेली, कान कुठं फिरवला. एका पहाटे रेघीच्या पोटातून एक इवलं डोकं बाहेर आलं. मामा निम्मं पाणी सांडत धावत आले. "शिवा, तुझ्या सशाच्या पोटातनं दुसरा ससा डोकावतोय गड्या!" शिवा हसायला लागला. खोकला येईतो हसला. म्हणाला, "मग हरलो म्हण की. ससा न्हवं." त्याच दुपारी तो गेला.

मामा सुटून आले ते घरी जाण्याआधी आष्ट्याला गेले होते. शिवाच्या बापालाही 'ठावठिकाणा लागत नाही' एवढंच कळवलेलं, आणि त्या कागदाच्या आधारानं म्हातारा मुलाची वाट बघत होता. समोर उभं राहिल्यावर मामांच्या तोंडून 'गेला' हा शब्द काही निघेना. म्हणून त्यांनी दुरून, ओढ्यापासून सुरुवात केली. म्हाताऱ्यानं पिशवीपर्यंत ऐकून घेतलं आणि तो उठून उभा राहिला. "ज्याला जनावराच्या पोटाला पिशवी दिसती, त्याला माझं पोरगं मेल्यालंबी दिसंल. चालता हो हितनं!" त्यानंतर मामा आणखी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं त्यांना बांधावरूनच हाकललं.

मी म्हटलं, "मामा, ते जनावर वगळून सांगा ना. ताप आला, गेला. झालं."

मामा चालता चालता थांबले. असं क्वचित घडे. "कसं वगळू? मग हासला कशाला, ते कसं सांगू? रडत मेला म्हणू का त्याच्या बाला?"

तेव्हा म्हाताऱ्याला पटेल असं छापील चित्र मिळवायचं ठरलं. आमच्या शाळेच्या कपाटात प्राणिसृष्टीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. हेडमास्तरांनी ते कधी उघडलं नव्हतं, म्हणून त्यांचा त्यावर फार जीव होता. 'पानाला डाग पडता कामा नये' या अटीवर त्यांनी ते मला दिलं. मग रोज संध्याकाळी अंगणात मी पानं उलटायची आणि मामांनी माझ्या पाठीमागून फिरता फिरता निकाल द्यायचा. "ही न्हाई, लय थोराड. ही न्हाई, हिचं शेपूट सापावाणी पसरलंय. ही झाडावर चढल्याली, ही तर न्हाईच न्हाई." एक चित्र मला अगदी जुळतंय असं वाटलं, तर म्हणाले, "जात जवळची हाय, पर ह्यी ती न्हवं. हिचं त्वांड आखूड हाय." त्यांना वालबी नको होती, रेघी हवी होती. पुस्तकवाल्यानं नेमकी ओढ्याकाठची तीच बाई समोर बसवून तिचं चित्र काढलेलं असेल, अशी त्यांची समजूत होती, आणि ती काही मला मोडता येईना.

आणि एका संध्याकाळी सापडली! एका पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात: त्याच बेटाच्या उत्तरेकडच्या जंगलात राहणारी लहान वालबी, पाठीवर एकच पांढरी रेघ, बसताना शेपटाचं फक्त उघडं टोक जमिनीला लागतं. पुढं तिचं शास्त्रीय नाव होतं. ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं वाचलं. मामा अंगणात लहान मुलासारखे उभे होते. "म्हंजे कुणीतरी बघितलीया तिला. आमच्याबिगार." मग म्हणाले, "चित्तर कुठाय?"

चित्र नव्हतं. तिच्यापुरतं चित्र छापायचं पुस्तकवाल्याच्या जिवावर आलं होतं. आणि म्हाताऱ्याला तर मराठीही वाचता येत नव्हतं.

इथं माझी अक्कल जागी झाली. समोरच्याच पानावर एका दुसऱ्या लहान वालबीचं चित्र होतं, पाठ आमच्याकडं करून बसलेली. मामा गुळाच्या पेठेत फेरी मारायला गेलेले पाहून मी पानाचा डबा काढला, काडीच्या टोकाला चुना घेतला आणि त्या वालबीच्या पाठीवर मानेपासून शेपटापर्यंत एक रेघ ओढली. इतकी सुरेख रेघ मी फळ्यावरही कधी काढली नव्हती. मामांना म्हटलं, "आज आणखी एक चित्र सापडलं आहे. ते आता आष्ट्यातच दाखवतो."

हळद शिजवायचे दिवस होते. आम्ही सर्व्हिस मोटारीनं आष्ट्याला गेलो. मी आत बसून, मामा अर्थातच फुटबोर्डावर उभे राहून. रानात चुलवाणावर मोठी काहील चढलेली, खाली पाचट धडधडत होतं आणि वाफेनं सगळं पिवळंधमक दिसत होतं. म्हातारा हातात लांब दांडा घेऊन उभा होता. आम्हाला पाहून त्यानं तोंड फिरवलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खोपीच्या आड गेलं.

"बाबा," मामा म्हणाले, "ह्यो आमचा जावई. मास्तर हाय. बुक घिऊन आलाय."

"बुकात काय बी छापत्यात." म्हातारा काहिलीकडंच बघत होता.

मी पुढं झालो. "बाबा, हे थापांचं पुस्तक नव्हे. सायबाचं आहे. हे बघा, पोटाला पिशवी असलेलं जनावर." आधी मी पिशवीचं चित्र दाखवलं. त्यानं पिवळे हात धोतराला पुसले, पुस्तक लांब धरून कितीतरी वेळ पाहिलं. "आयला, हाय रं पिशवी," तो पुटपुटला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्यो गडी पांढऱ्या रेघंचं काय तरी सांगत हुता. ती कुठाय?"

मी मोठ्या रुबाबात पान उलटून माझ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हाय की!" म्हातारा म्हणाला, पण पुस्तक काही परत देईना. पुढं काय येणार ते त्याला कळलं होतं. ते टाळायला आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

मामा काहिलीभोवती फेऱ्या मारत होते, ते येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, मानेनं खुणावलं, पायानं ढोसलंसुद्धा. त्यांनी चित्र पाहिलं. अंगठ्याला थुंकी लावली आणि त्या वालबीच्या पाठीवरून फिरवली. रेघ पुसली गेली.

"चुना हाय," मामा म्हणाले. "आमच्या जावयानं काढलीया. अन् हे शेपूटबी न्हवं. ही ती न्हवं, बाबा."

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण आष्ट्याची जमीन चिकण असल्यामुळं ती काही दुभंगली नाही. म्हातारा माझ्याकडं पाहत होता. आठवीच्या वर्गात उत्तर चोरताना धरलेल्या पोराकडं मी पाहतो, हुबेहूब तसा. मग तो मामांकडं वळला.

"आरं, हीच म्हणला असतास तर मी मानलं असतं."

"व्हय."

"तीनदा हाकललं तुला. आज पटलं हुतं मला. मग न्हाई का म्हणलास?"

"ती न्हवती म्हणून."

पाचट विझत आलं होतं आणि ते सारायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. म्हाताऱ्यानं दांडा खाली ठेवला. तो खाली बसला आणि मामांचा हात धरून त्यानं त्यांनाही खाली ओढलं. "सांग," तो म्हणाला. "कसं गेलं माझं पोरगं?"

मामांनी सांगितलं. ओढा, दगड, शेपटाचं टोक, उसातला ससा, सगळं. यावेळी म्हातारा मधेच उठला नाही. पोटातून डोकावणाऱ्या पिलापाशी गोष्ट आली तेव्हा त्यानं एकदाच विचारलं, "हासला?"

"खोकला येईतो हासला."

"लहानपणी तसंच हासायचं," म्हातारा म्हणाला, आणि तोंडावर धोतराचा सोगा ओढून घेतला.

मामा तिथूनच पुढं आपल्या गावी गेले, मी एकटाच सांगलीला परतलो. त्यानंतर ते आमच्याकडं वर्षातून एखाद्या वेळी येत, आणि आले की मला त्या वालबीचं शास्त्रीय नाव म्हणायला लावत. मी अजून ते चुकतो. त्या दिवशी घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं, चुन्याच्या रेघेसकट. वाटलं होतं, ही पोट धरधरून हसेल. ती हसली नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आवं, शिवाची बायकू हुती का तितं?"

"असेल बुवा. मी पाहिली नाही." मग मला आठवलं. "तांब्या ठेवून कुणीतरी आड गेलं खरं. हात तेवढा दिसला. हिरव्या बांगड्या होत्या."

"तिला ऐकू गेलं का, तुमी काय बोलला ते?"

"म्हातारा सांगेल की तिला."

"सासरा 'गेला' येवढंच सांगंल," ही म्हणाली. "जाताना हासला हुता, ते तिला कोण सांगंल? उद्या मला आष्ट्याच्या मोटारीत बसवून द्या."